दुधाचे कॅन, विंच आणि मुरमाचा रस्ता: जुन्या थारला कोणते शॉकअप घ्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटोदा तालुक्यातल्या एका भावाकडे 2014 ची थार सीआरडीई आहे. रोज सकाळी वस्तीवरून डेअरीला चाळीस लिटरचे पाच कॅन दूध जातं, येताना रिकामे कॅन आणि कधी पेंड, कधी युरिया. अधूनमधून मित्रांबरोबर कन्नड-सोयगावकडे अजिंठ्याच्या डोंगरात गाडी घालतात, त्यासाठी पुढे लोखंडी बंपर आणि विंच (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) बसवलेली आहे. मागचे दोन्ही शॉकअप गळतायत आणि खड्ड्यातून निघाल्यावर गाडी मागून तीन-चार वेळा डुलते. दुकानदाराने गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट आणि बाहेर वेगळी टाकी असलेले शॉकअप सुचवलेत. भावाला विचारायचंय, गॅसचे घेऊ की ऑइलचे, लिफ्ट करू का, आणि फक्त मागची जोडी बदलून भागेल का.

भाऊ, आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. लिफ्ट करू नका. टाकीवाले शॉकअप तुमच्या कामाला लागत नाहीत. मूळ लांबीचे, पण कंपनीच्यापेक्षा जाड पिस्टनचे, कमी दाबाचा नायट्रोजन भरलेले दुहेरी नळीचे शॉकअप घ्या आणि चारही बदला. उरलेल्या पैशातून पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, पाट्यांच्या टोकाच्या शॅकल पिना, चारही बंप रबर (चाक पूर्ण वर गेल्यावर धक्का झेलणारे रबरी ठोकळे) बदला. तरीही पैसे उरले तर टायर बघा.

आता कारणं. पाटा दबला की त्यात ताकद साठते आणि ती मोकळी होताना गाडीला वर फेकते. शॉकअपमधला पिस्टन तेलात वर-खाली होतो, तेलाला बारीक वाटांमधून जावं लागतं, त्या घर्षणात ही ताकद खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. ही उष्णता नळीच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेत जाते. शॉकअपचं काम एवढंच. तो वजन उचलत नाही. वजन पाट्यांवर आणि पुढे टॉर्शन बारवर (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) असतं. “गाडी मागून बसली, शॉकअप बदला” असं सांगत माणसं येतात, पण बसलेल्या पाट्याला शॉकअप हा इलाज नाही. म्हणून खरेदीच्या आधी टेप घेऊन सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, एकदा रिकाम्या गाडीत आणि एकदा भरलेल्या कॅनसकट. भरलेल्या गाडीचे पाटे सरळ होऊन उलट्या बाजूला वाकत असतील, तर पहिला खर्च पाटेवाल्याकडे करा. पाट्यांना पुन्हा बाक देऊन घ्या किंवा एक पाटा वाढवा. शॉकअपचा विचार त्यानंतर. कारण शॉकअप पाट्याच्या ताकदीला जुळवायचा असतो, आणि पाटा बदलला की हिशेबही बदलतो.

वजनाचा हिशेब कागदावर मांडाच. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणजे चाळीस लिटरला 41 किलो. पाच कॅनचं दूध 205 किलो झालं, त्यात रिकाम्या कॅनचं वजन धरा, गाडीच्या मागच्या भागात जवळपास अडीच क्विंटल भरतं. येताना ते वजन गायब. युरियाचं पोतं 45 किलोचं, डीएपीचं 50 चं, तेही कधी असतं कधी नसतं. पुढे विंच, तिचा स्टीलचा दोर आणि बंपर मिळून सहज 80-90 किलो, आणि हे वजन चाकाच्याही पुढे टांगलेलं, कायमचं. म्हणजे तुमच्या गाडीचं तोंड सदा जड आणि शेपूट रोज हलकं-जड होणारं. कुठलाही दुकानदार हा हिशेब न विचारता मॉडेलचं नाव सांगत असेल, तर तो तुमच्या गाडीसाठी नव्हे, डब्यावरच्या गाडीसाठी माल देतोय.

यानंतर गाडी कुठे चालते ते पाहू. डोंगरात दगडांवरून गाडी पहिल्या लो गिअरमध्ये रांगते. चाक सावकाश वर जातं, सावकाश खाली येतं. तिथे शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हला फारसं काम नसतं, लांबी कामाची असते. चाक जमिनीपर्यंत पोचलं तर पकड मिळते, शॉकअप आखूड पडला तर चाक हवेत लटकतं. मुरमाच्या रस्त्यावर नेमकं उलटं. तिथे लांबी पुरेशीच असते, पण शॉकअप तापून मरतो.

बालाघाटाच्या माळावरचे मुरमाचे रस्ते तुम्ही रोज बघता. पावसाळा संपून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा सुरू झाली की रस्त्यावर आडव्या लाटा उठतात. दर दोन फुटांवर एक लाट आणि गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटर धरला, तर चाक सेकंदाला वीसहून जास्त वेळा वर-खाली होतं. हालचाल बोटभर, पण थांबत नाही. त्यात एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवाच 42 अंशांवर, मग नळी थंड होणार कशी? तेल तापून पातळ होतं, पातळ तेल छिद्रांतून विनाअडथळा जातं, आणि दहा-बारा किलोमीटरनंतर गाडी सैल वाटायला लागते. आपल्याकडे शॉकअप उड्या मारून कमी आणि अशा सततच्या थरथरीने जास्त जातात. तुमचं रोजचं चालणं याच रस्त्यावरचं आहे. महिन्यातून एखाद्या रविवारच्या डोंगरासाठी शॉकअप निवडायचा आणि बाकीचे दिवस दूध त्याच्यावर न्यायचं, हा हिशेब उलटा आहे.

गॅस की ऑइल, हा प्रश्न सगळेच विचारतात. तेल प्रत्येक शॉकअपमध्ये असतं. ज्याला आपण ऑइलचा म्हणतो त्यात तेलाच्या वर साधी हवा असते, गॅसच्यात हवेऐवजी दाबाखाली नायट्रोजन असतो. फरक कळतो तो जोराने चालवल्यावर. पिस्टन वेगाने हलला की त्याच्या मागच्या बाजूला दाब कमी होतो, तिथे बुडबुडे होतात, आणि साध्या शॉकअपमध्ये वरची हवाही तेलात मिसळते. ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेसाला पिस्टन अडत नाही. नायट्रोजनचा दाब हे बुडबुडे होऊ देत नाही, म्हणून मुरमाच्या रस्त्यावर गॅसचाच घ्यावा, यात मला शंका नाही.

मध्यंतरी आमच्याकडे एका पिकअपचा मेलेला शॉकअप आला होता. व्हाइसमध्ये धरून कापला तेव्हा आतून जे तेल आलं ते काळं, पाण्याइतकं पातळ, आणि बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात लोखंडाचा चमकणारा चुरा. रॉडवर क्रोमच्या मुलाम्यात उभे ओरखडे होते, नखाला लागत होते. सील त्या ओरखड्यांनी कापलं, तेल गळून पातळी उतरली, उरलेल्या तेलाचा फेस झाला, आणि शेवटी पिस्टन नळीला घासायला लागला. वरून बघणाऱ्याला फक्त गळती दिसते. असा शॉकअप भोक पाडून तेल भरून आणि वेल्ड मारून “रिपेअर” करून देणारे आहेत. तसलं काही करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने सील जातं, गॅसचा दाब परत येत नाही, आणि ओरखडलेला रॉड आठ दिवसांत पुन्हा तेल ओकतो.

गॅसच्या शॉकअपमध्ये दोन घडणी आहेत आणि खरी निवड इथे आहे. दुहेरी नळीत आतल्या नळीत पिस्टन चालतो, बाहेरच्या नळीत जादाचं तेल आणि कमी दाबाचा नायट्रोजन असतो. एकेरी नळीत एकच जाड नळी, तिच्या टोकाला तरंगता पिस्टन, त्याच्या पलीकडे जास्त दाबाचा नायट्रोजन. ही दुसरी घडण फ्रान्सच्या द कार्बन या इंजिनिअरची. जर्मनीच्या बिलस्टीनने ती घेऊन 1957 मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांना दिली आणि तिथून ती जगभर गेली. एकेरी नळीचा मोठा गुण म्हणजे तेल सरळ बाहेरच्या पत्र्याला लागून असल्याने ती लवकर थंड होते आणि तिच्यात तेल-गॅस एकत्र येतच नाही. मग मी तुम्हाला ती का सांगत नाही? कारण तिचा पिस्टन बाहेरच्याच नळीत चालतो. अजिंठ्याच्या काळ्या दगडाचा एक टोकदार कोपरा नळीला लागून पोचा पडला, की पिस्टन तिथे अडकतो आणि शॉकअप गेला. दुहेरी नळीला बाहेरून पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते आणि गाडी घरी येते. जुन्या थारमध्ये मागचा शॉकअप हाउसिंगजवळ (मागच्या अॅक्सलच्या आवरणाजवळ), बराच खाली आणि उघडा असतो. डोंगरात दगड आणि शिवारात पऱ्हाटीची, तुरीची खुटं, दोन्ही त्यालाच आधी लागतात.

तेव्हा दुहेरी नळीतच जाड घ्या. पिस्टनचा व्यास मोठा असला की तेल जास्त मावतं, तेच काम कमी दाबात होतं आणि नळीचा पत्राही जास्त उष्णता सोडतो. डब्यावर पिस्टनचा किंवा आतल्या नळीचा व्यास लिहिलेला असतो, तो विचारा. 35 मिलिमीटरच्या आसपासचा शॉकअप माल वाहणाऱ्या गाडीला बरा. बाहेरच्या जाडीवर जाऊ नका, नुसतं आवरण मोठं असलेलेही येतात. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच कंपन्या लांब कच्च्या रस्त्यांसाठी याच घडणीचे शॉकअप बनवतात, आणि आपल्याकडे गॅब्रिएलसारख्या जुन्या देशी नावांतही गॅसचे मिळतात. देशी जोडी काही हजारांत येते, बाहेरचा चारांचा संच त्याच्या कितीतरी पट, आणि टाकीवाला लाखाच्या पुढेही जातो.

टाकीवाल्याबद्दल एवढंच. बाहेरच्या टाकीमुळे तेल वाढतं, थंडावा वाढतो आणि आतली लांबी मोकळी होते. भरधाव वाळूत, रॅलीत धावणाऱ्या गाडीला ती हवीच. तुमच्या गाडीला मात्र ती होजची, क्लॅम्पची आणि सर्व्हिसची जबाबदारी वाढवते. सील गेल्यावर तो खोलून, तेल बदलून, नायट्रोजन भरून देणारा जवळ कोण आहे, हे घेण्याआधी विचारा. टायरवाल्याच्या नायट्रोजनने ते होत नाही, दाब टायरच्या कितीतरी पट लागतो. बटण फिरवून कडक-नरम होणारे शॉकअपही चांगले असतात, आणि रोज भरलेली-रिकामी होणाऱ्या तुमच्या गाडीला ते पटण्यासारखे आहेत, पण बटण नळीच्या खालच्या टोकाला असेल तर काळ्या मातीत ते एका पावसाळ्यात जाम होतं. बटण वर असलेला मिळाला तर जरूर विचार करा.

आता लिफ्टकडे येतो, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच खराब होतात. शॉकअपला दोन लांब्या असतात. पूर्ण दाबल्यावरची बंद लांबी आणि पूर्ण ओढल्यावरची उघडी लांबी. नळीच्या तळाला, सीलला आणि दोन्ही डोळ्यांना जागा लागते, म्हणून उघडी लांबी वाढवली की बंद लांबीही वाढतेच. लिफ्टसाठी “लांब” शॉकअप घेतला, तर चाक पूर्ण वर जाताना बंप रबर टेकायच्या आधी शॉकअप तळाला लागतो. तेव्हा गाडीचं सगळं वजन रॉडवर आणि चासीच्या त्या छोट्या ब्रॅकेटवर आपटतं. ब्रॅकेटचं वेल्ड उकललेल्या थार आणि बोलेरो मी बघितल्या आहेत, आणि दर वेळी कारण हेच.

म्हणून मोजमाप स्वतः करा. एक सुट्टीचा दिवस द्या, पुरेल. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा आणि मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मग चासीखाली मजबूत स्टँड देऊन शॉकअप काढा. कॅन पाण्याने भरून गाडीत ठेवा आणि हाउसिंगला एकाच बाजूने जॅक लावा, म्हणजे एक चाक पूर्ण वर जाईल आणि दुसरं पूर्ण खाली लटकेल. डोंगरात आडव्या चरातून जाताना गाडीची हीच अवस्था होते. वरच्या बाजूचं बंप रबर चांगलं दबेपर्यंत जॅक चढवा आणि दोन्ही बाजूंना बोल्ट ते बोल्ट मोजा. हात गाडीखाली असताना जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड काढू नका.

समजा उभ्या गाडीत 440 मिलिमीटर भरलं, दबलेल्या बाजूला 360 आणि लटकलेल्या बाजूला 530. तर शॉकअपची बंद लांबी 345 च्या वर नको आणि उघडी 540 च्या खाली नको. दोन्हीकडे दहा-पंधरा मिलिमीटरची मोकळीक ठेवायची, कारण बुशही दबतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील, पाटे बसलेले असतील तर नक्कीच. तुमचे तीन आकडे कागदावर लिहून दुकानात जा आणि डब्यावरच्या आकड्यांशी ताडून बघा. “थारला बसतो” हे उत्तर पुरेसं नाही. बोल्ट बसतो, लांबी बसेलच असं नाही.

पुढच्या बाजूला तुमच्या थारमध्ये टॉर्शन बार आहे आणि तिथे लिफ्ट म्हणजे बहुतेक वेळा बारचा बोल्ट पिळणं. पिळल्याने बार जास्त कडक होत नाही, फक्त त्याची उभं राहायची जागा वर सरकते. चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. वर उचललेले दोन इंच म्हणजे खाली लटकायचे दोन इंच गेले. मग प्रत्येक खड्ड्यात चाक खाली पडलं की चाक धरणारा आर्म रिबाउंड रबरावर (खाली लटकताना त्याला अडवणाऱ्या रबरावर) आपटतो, शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतून ठोका देतो, आणि चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्याचे रबर बूट फाटतात. बूट फाटलं की काळी माती आत. विंचमुळे तुमच्या गाडीचं तोंड खाली आलं असेल, तर बार पिळून ते मूळ उंचीवर आणणं बरोबर आहे, आणि तेवढंच करा. दोन्ही बाजू सारख्या करून लगेच अलाइनमेंट करून घ्या. विंचचा स्टीलचा दोर काढून सिंथेटिक टाकला तर तोंडावरचं वजनही उतरतं.

लिफ्टच्या कागदोपत्री बाजूचाही विचार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मूळ मापाचे चांगले शॉकअप बसवणं ही दुरुस्ती आहे. उंची आणि टायर वाढवल्यावर अपघात झाला, तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. रोज वस्तीवरून डेअरीपर्यंत जाणाऱ्या गाडीला ही टांगती तलवार कशाला?

कडकपणाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, ऑफरोडला कडक शॉकअप हवा. नाही. शॉकअपने चाक जमिनीला धरून ठेवायचं असतं. दबताना फार कडक असेल तर दगडावर चाक उडतं, आणि चढावर उडालेलं चाक ओढत नाही. परत येताना फार कडक असेल, तर मुरमाच्या लाटांवर पाटा परत यायच्या आत पुढची लाट येते, तो थोडा थोडा दबत जातो आणि गाडी बंप रबरावर जाऊन बसते. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप नरम झाले, आणि तो अजून कडक घेतो. तुमच्यासारख्या पाट्याच्या गाडीला तर बेतानेच हवा, कारण पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणही बरंच काम करत असतं. हेच उलटंही लक्षात ठेवा. पाट्यांमध्ये ग्रीस भरलंत किंवा पॅराबोलिक पाटे (एकमेकांना फारसे न घासणारे) टाकलेत, तर ते घर्षण जातं आणि पूर्वी बरोबर वाटणारा शॉकअप अचानक अपुरा पडतो. गाडीत नेहमी काय वजन असतं त्यावर ठरवा. तुमच्यासाठी मागे मध्यम भाराचा आणि पुढे विंच धरून एक पायरी वरचा. मागे सगळ्यात जड भाराचा घेतलात, तर भरल्या कॅनला गाडी सुंदर चालेल आणि रिकामी परत येताना दर खड्ड्यात मागून उसळेल.

फक्त मागची जोडी? निदान मागची जोडी एकदम बदला, एकच कधीच नाही. पुढचे तपासायला सोपी रीत आहे. पंधरा-वीस मिनिटं खराब रस्त्यावर गाडी चालवून थांबा आणि चारही नळ्यांना हाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या, एकदम पकडू नका, चटका बसतो. एका जोडीतला एक गरम आणि एक जवळपास थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही. नळीवर हलकासा तेलकट थर आणि त्यावर धूळ हे चालतं, ओली ओघळलेली रेघ चालत नाही. टायरवरून तळहात फिरवा, रबरात उंच-सखल चकत्या लागल्या तर चाक बरेच दिवस उसळतंय. 2014 ची गाडी आणि पुढे इतकं वजन, त्यामुळे माझा अंदाज चारही जातील असाच आहे, पण तपासून खात्री करा.

आपल्या काळ्या मातीसाठी वेगळं बोलायला हवं. पावसाळ्यात पांदीतून गाडी नेली की चिखल शॉकअपच्या रबरी बुटात शिरतो, वाळून दगड होतो आणि प्रत्येक हालचालीला रॉड घासतो. वर सांगितलेले ते उभे ओरखडे असेच पडतात. बूट काढून टाकावं तर डोंगरात दगड थेट रॉडवर. मी पत्र्याचं किंवा फायबरचं पुढून आडोसा देणारं, खालून मोकळं आवरण पसंत करतो, त्यातून चिखल खाली पडतो. रबरी बूटच असेल तर चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी, ओलं असतानाच, पाइपने खालून पाणी मारा. दुसऱ्या दिवशी ते निघत नाही. प्रेशर वॉशरची धार मात्र सीलच्या तोंडावर जवळून मारू नका, माती आत ढकलली जाते.

आणि टायरची हवा. मुरमावर रिकामी गाडी असेल तर 4-5 पीएसआय कमी करून वेग आवरा. पहिला धक्का टायर खातो, शॉकअपपर्यंत कमी पोचतो. भरलेल्या गाडीत आणि डांबरी रस्त्यावर हवा परत पूर्ण करा. डोंगरात जाताना गौताळा अभयारण्याच्या हद्दीत गाडी रस्त्याबाहेर घालू नका, हे गाडीच्या विषयातलं नाही पण सांगणं भाग आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. बोलेरोला पुढे कॉइल आणि मागे पाटे, मागचं सगळं वरच्यासारखंच. जिप्सीला चारही बाजूंना पाटे, तिथे घर्षणाची गोष्ट दुप्पट लागू. जिम्नीला दोन्हीकडे अखंड अॅक्सल आणि कॉइल, त्यामुळे एका चाकाचा वर-खाली प्रवास नीट मोजूनच घ्या. 2020 नंतरच्या थारला मागचे पाटे गेले, आणि पुढे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. ती दाबून काढायला योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) हवा, सुटलेली स्प्रिंग माणूस जायबंदी करते, म्हणून घरी हात घालू नका. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्सच्या शॉकअपमध्ये बारीक थरथर आणि मोठा हेलकावा यांना वेगवेगळं वागवणारी व्हॉल्व्ह कंपनीनेच दिलेली आहे. ते बाहेरचं काही घेण्याच्या उत्साहात काढू नका, झिजल्यावर तेच पुन्हा बसवा.

शेवटी बसवणं. इथे निष्काळजीपणा झाला तर चांगला शॉकअप वर्षभरात जातो, म्हणून फिटरजवळ उभे राहा. दुहेरी नळीचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो आणि गॅस आतल्या नळीत शिरलेला असू शकतो. बसवण्याआधी गाडीत बसतो तसा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. सुरुवातीला मध्येच रिकामी चाल लागते, मग सगळीकडे सारखा जोर लागायला लागतो. तो लागल्यावरच बसवायचा, आणि उलटा कधीही नाही. रॉडला पकडीने धरायचं नाही, क्रोमला दाताची खूण पडली की सील गेलंच समजा. दोन्ही बोल्ट आधी हातानेच लावायचे. गाडी स्टँडवरून उतरवून चारही चाकांवर उभी करायची, थोडी पुढे-मागे ढकलायची, आणि मग पूर्ण आवळायचं. चाकं लटकलेली असताना आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटून खटखट सुरू होते. पाटे उघडले असतील तर ते हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट नवीन टाका, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर, कॅन भरलेले असताना, ते आणि शॉकअपचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्या.